पिठातील अळी : जिवंत खाद्याची साठवण आणि पोषणदृष्ट्या उपयोग

कीटकभक्षी पक्षी, पाली-सरडे, बेडूक व काही लहान सस्तन प्राणी यांना बंदिवासात पोसताना पहिली अडचण उद्भवते ती खाद्याची. यांपैकी पुष्कळ प्राणी निश्चल पदार्थास तोंड लावीत नाहीत. भक्ष्य हलले तरच ते त्याकडे आकृष्ट होतात. निसर्गात असा प्राणी दिवसभरात अनेक जातींचे कीटक टिपतो. बंदिवासात मात्र त्याच्यापुढे बहुधा एकाच जातीचा कीटक येतो. ती जात कोणती असावी हेही पोषणाच्या विचाराने क्वचितच ठरते. जी स्वस्तात वाढते, डब्यात टिकते आणि उडून अथवा उड्या मारून निसटत नाही, तीच निवडली जाते. या तिन्ही कसोट्यांस उतरल्यामुळे पिठातील पिवळी अळी जगभर जिवंत खाद्य म्हणून रूढ झाली आहे. व्यापारात ती ‘मीलवर्म’ या नावाने ओळखली जाते.

परंतु जो कीटक साठवण्यास सोयीचा, तो पोसण्यास पुरेसा असतोच असे नाही. या अळीवर वाढविलेले पिल्लू आवडीने खाते, त्याचे वजनही वाढते, आणि तरीही त्याची हाडे मऊ राहून वाकतात, असा अनुभव पक्षिपालनात व सरीसृपपालनात वारंवार येतो. हा विरोधाभास समजण्यासाठी अळीचा जीवनक्रम, तिची साठवण आणि तिचे रासायनिक घटक या तीन गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो.

जाती व जीवनक्रम

ही अळी म्हणजे टेनेब्रिओ मॉलिटर या भुंगेऱ्याची बाल्यावस्था होय. लिनियसने १७५८ मध्ये या जातीस हे नाव दिले. त्यातील पहिल्या लॅटिन शब्दात अंधाराचा आश्रय करणाऱ्याचा, तर दुसऱ्यात दळण दळणाऱ्याचा अर्थ आहे. अंधाऱ्या कोठारात, दमट धान्याच्या व पिठाच्या सांदीकोपऱ्यांत राहणाऱ्या या कीटकास ही दोन्ही नावे शोभतात. भारतातील धान्यकोठारांत सर्रास आढळणारा तांबडा पीठभुंगा, म्हणजे ट्रायबोलियम कॅस्टॅनियम, आणि कुक्कुटपालनाच्या गादीत वाढणारा अल्फिटोबियस डायपेरिनस हे दोघेही याच कुलातील होत. मात्र आकाराने ते पुष्कळच लहान आहेत.

या कीटकाचे रूपांतर पूर्ण प्रकारचे असते. मादी आपल्या आयुष्यात काही शे अंडी घालते. ती चिकट असल्याने कोंड्याचे कण त्यांस लगडतात व ती सहसा दृष्टीस पडत नाहीत. सुमारे २५° ते २८° सेल्सिअस तापमानात साधारणतः आठवड्याभरात अंडी फुटतात. अळी अनेकदा कात टाकते. कात टाकण्याची संख्या ठराविक नसून तापमान, अन्न व गर्दी यांनुसार ती नऊपासून वीसपर्यंत बदलते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे २५ ते ३० मिलिमीटर लांब असते. अनुकूल उष्णतेत ही अवस्था दोन-तीन महिन्यांत आटोपते. थंडीत ती कितीतरी अधिक लांबते. त्यानंतरचा कोश काही खात नाही व चालत नाही; उबदार हवेत एक-दोन आठवड्यांत त्यातून फिकट रंगाचा भुंगेरा बाहेर पडतो आणि काही दिवसांत काळसर होतो.

साठवणीच्या दृष्टीने या जीवनक्रमातील महत्त्वाची गोष्ट ही की, खाद्य म्हणून उपयुक्त असणारी अवस्था तात्पुरती आहे. कोश हालचाल करीत नसल्याने पुष्कळ प्राणी त्याकडे दुर्लक्ष करतात. प्रौढ भुंगेऱ्याचे कवच टणक असते व तो क्विनोन वर्गातील तीव्र वासाचे संरक्षक द्रव्य स्रवतो. म्हणून अळ्यांची साठवण म्हणजे वस्तुतः त्यांच्या विकासाला घातलेला आवर होय.

शीतसाठवण

हा आवर घालण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे थंडी. सुमारे १०° सेल्सिअसच्या खाली अळीची वाढ जवळजवळ थांबते. त्यामुळे ७° ते १०° या पट्ट्यात ठेवलेल्या अळ्या कित्येक आठवडे अळीच राहतात. घरगुती शीतकपाटाचे तापमान बहुधा यापेक्षा कमी, म्हणजे ३° ते ५° असते. त्यातील अतिथंड कप्पा टाळून दाराजवळची अथवा खालची, किंचित उबदार जागा निवडणे इष्ट होय. समशीतोष्ण प्रदेशातील हिवाळा अळीच्या रूपातच काढण्याची या जातीची क्षमता येथे उपयोगी पडते. तिच्या शरीरद्रवात हिमस्फटिकांची वाढ रोखणारे अत्यंत प्रभावी प्रथिन असते, असे कॅनडातील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. तथापि गोठणबिंदूच्या आसपास दीर्घकाळ ठेवलेल्या अळ्या हळूहळू मरतात. मेलेली अळी काळी पडून लिबलिबीत होते व इतरांनाही बिघडविते.

थंडीने चयापचय मंदावतो, थांबत नाही. अळी आपल्या शरीरातील साठा थोडाथोडा खर्च करीतच असते आणि तिच्या आतड्यातील अन्न संपत जाते. म्हणून आठवड्यातून एकदा डबा बाहेर काढून अळ्या सुमारे एक दिवस खोलीच्या तापमानास येऊ द्याव्यात, त्यांना कोंडा व गाजराचा किंवा बटाट्याचा काप द्यावा, आणि त्या पुन्हा हालचाल करून खाऊ लागल्या, की उरलेले ओले काप काढून टाकून डबा परत थंड जागी ठेवावा. ओला काप आत राहिल्यास थंडीत पाणी सुटून कोंडा बुरसतो.

येथे एका सारख्या दिसणाऱ्या कीटकाविषयी सावधगिरी आवश्यक आहे. ‘सुपरवर्म’ म्हणून विकली जाणारी मोठी अळी झोफोबास या उष्णप्रदेशीय प्रजातीची आहे. ती शीतकपाटात ठेवल्यास मरते. तिला आवर घालण्याचे साधन निराळे आहे. गर्दीत असता ही अळी कोशावस्थेत जात नाही, ती एकटी ठेवली तरच रूपांतर घडते. गर्दीमुळे घडणाऱ्या या रोधाचे वर्णन शिंकेल व विल्सन यांनी १९७१ मध्ये केले. एकाच कुलातील दोन अळ्यांपैकी एकीस थंडी टिकविते आणि दुसरीस ती मारते, हे ध्यानात न घेतल्यास संपूर्ण साठा एका रात्रीत नष्ट होतो. यांखेरीज ‘जायंट’ या विशेषणाने विकल्या जाणाऱ्या काही अळ्या टेनेब्रिओच्याच असतात. बाल्यावस्था टिकविणाऱ्या संप्रेरकाची प्रक्रिया केल्याने त्या अधिक मोठ्या होतात. अशा अळ्यांपासून पुढील पिढी वाढविण्याची अपेक्षा ठेवू नये.

अन्न, पाणी व पात्र

गव्हाचा कोंडा हे या अळीचे अन्नही आहे आणि अंथरूणही. तिच्या आहारासंबंधीचा एक शोध जीवरसायनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. फ्रेंकेल यांना १९४० नंतरच्या दशकात असे आढळले की, त्या वेळी ज्ञात असलेली सर्व ब-जीवनसत्त्वे असलेल्या कृत्रिम आहारावरही ही अळी जगत नाही. यीस्ट किंवा यकृत यांच्या अर्कातील आणखी एक घटक तिला लागतो. टेनेब्रिओच्या आद्याक्षरावरून त्यास ‘बी-टी’ हे नाव मिळाले आणि १९५२ मध्ये तो घटक म्हणजे कार्निटिन असल्याचे सिद्ध झाले. कोंड्यात थोडे यीस्ट मिसळण्याची पालकांमधील प्रथा यामुळे सयुक्तिक ठरते.

पाण्याच्या बाबतीत ही अळी विलक्षण काटकसरी आहे. तिच्या उत्सर्जक नलिकांची टोके मलाशयाच्या भित्तीस घट्ट बिलगलेली असतात. या रचनेद्वारे विष्ठेतील पाणी जवळजवळ पूर्णतः शोषून घेतले जाते. या रचनेचा सविस्तर अभ्यास रॅम्से यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे ८८ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रता असल्यास अळी हवेतील बाष्पही शोषू शकते. म्हणून तिला पाण्याची वाटी देण्याचे कारण नाही. वाटीत ती बुडते व कोंडा भिजतो. परंतु पाण्यावाचून जगणे निराळे आणि सकस राहणे निराळे. कोरड्या कोंड्यावरच ठेवलेली अळी जगते, पण तिची वाढ खुंटते व तिच्यातील जलांश घटतो. गाजर, बटाटा वा तत्सम घट्ट कंदाचे पातळ काप हा यावरील योग्य उपाय होय.

पात्र गुळगुळीत भिंतींचे असावे. काच, चिनीमाती, टणक प्लॅस्टिक अथवा पत्रा यांवर अळी चढू शकत नाही. झाकणास बारीक जाळी असावी. कोंड्याचा थर उथळ, म्हणजे काही सेंटिमीटरच असावा; कारण दाट गर्दीत अळ्यांची स्वतःचीच उष्णता साठून आतील भाग तापतो, आणि कोश व नुकती कात टाकलेल्या मऊ अळ्या इतरांच्या भक्ष्यस्थानी पडतात. थर्मोकोलची पेटी मात्र वर्ज्य समजावी. ही अळी पॉलिस्टायरिन कुरतडते, इतकेच नव्हे तर आतड्यातील जीवाणूंच्या साहाय्याने त्याचे अंशतः विघटनही करते, असे चीन व अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. ही गोष्ट कचरानिर्मूलनाच्या दृष्टीने आशादायक असली, तरी ज्या अळीच्या पोटात प्लॅस्टिकचे कण आहेत ती पक्ष्यास चारणे योग्य नव्हे.

महाराष्ट्राच्या हवामानात दोन निरनिराळ्या अडचणी संभवतात. विदर्भातील उन्हाळ्यात तापमान ४५° सेल्सिअसच्या आसपास जाते. ३५° च्या पुढील उष्णता या अळीस घातक असल्याने तेथे थंड जागेवाचून साठा टिकणे अशक्य. कोकणात व मुंबईत पावसाळ्यातील दमट हवेने कोंड्यास बुरशी येते आणि पिठातील सूक्ष्म अष्टपाद कोळी झपाट्याने वाढतात. पात्राच्या कडांवर व झाकणावर करड्या धुळीसारखा हलणारा थर दिसला, तर ते याचेच चिन्ह होय. अशा वेळी अळ्या चाळून घेऊन कोरड्या, नव्या कोंड्यात ठेवाव्यात आणि जुना कोंडा नष्ट करावा. नवा कोंडा वापरण्यापूर्वी काही दिवस गोठवून घेतल्यास त्यातील इतर किडींची अंडी मरतात.

पोषणमूल्य व त्यातील उणीव

विक्रीसाठी वाढविलेल्या अनेक अपृष्ठवंशीय प्राण्यांचे पृथक्करण फिंके यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार पिठातील अळीत जलांश ६१.९ टक्के, प्रथिने १८.७ टक्के आणि स्निग्ध पदार्थ १३.४ टक्के असतात. शुष्कांशाच्या हिशेबाने प्रथिने सुमारे ४९ टक्के व स्निग्ध पदार्थ ३५ टक्के भरतात. ऊर्जा व प्रथिने यांच्या दृष्टीने हे खाद्य समृद्ध आहे यात शंका नाही. कमी हालचाल करणाऱ्या पिंजऱ्यातील प्राण्यास मात्र त्यातील स्निग्धांशच अपायकारक ठरतो.

खरी उणीव खनिजांत आहे. त्याच पृथक्करणात दर किलोग्रॅम अळ्यांमागे कॅल्शियम १६९ मिलिग्रॅम, तर फॉस्फरस २८५० मिलिग्रॅम आढळला. म्हणजे कॅल्शियमच्या सुमारे सतरापट फॉस्फरस. वाढत्या प्राण्याच्या आहारात कॅल्शियम हे फॉस्फरसाइतके किंवा त्याच्या दीडपट-दुपटीपर्यंत असावे लागते. शुष्कांशाच्या प्रमाणात अळीतील कॅल्शियम केवळ ०.०४४ टक्के येते. कोंबडीच्या वाढत्या पिल्लाच्या आहारात ते १ टक्क्याच्या आसपास अपेक्षित असते. म्हणजे उणीव वीसपटीहून अधिक आहे.

याचे कारण कीटकाच्या शरीररचनेत आहे. पृष्ठवंशीय प्राण्याचा सांगाडा कॅल्शियमच्या क्षारांचा असतो. कीटकाचे बाह्यकवच कायटिन व प्रथिने यांचे बनलेले असते, त्यास कॅल्शियमची फारशी गरज नसते. उंदीर गिळणाऱ्या सापास उंदराची हाडे मिळतात. कीटक गिळणाऱ्या पालीस तसे काहीच मिळत नाही. आहारातून कॅल्शियम न मिळाल्यास रक्तातील त्याची पातळी राखण्यासाठी परावटु ग्रंथींचा स्राव वाढतो आणि शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. पिल्लांच्या पायांस बाक येणे, पालीच्या जबड्याचे हाड रबरासारखे मऊ होणे, किरकोळ धक्क्याने अस्थिभंग होणे ही त्याची दृश्य लक्षणे होत. लक्षणे दिसू लागतात त्या वेळी हाडांची झीज पुष्कळ पुढे गेलेली असते, आणि आलेला बाक बहुधा कायम राहतो. प्राणी अखेरपर्यंत भुकेला दिसत नसल्यामुळे पालकास शंकाही येत नाही. हेच या विकाराचे भयावह वैशिष्ट्य होय.

उणीव भरून काढण्याचे मार्ग

उणिवेचे परिमाण एकदा ठरले की उपायाचे गणित सोपे होते. एक किलोग्रॅम अळ्यांतील कॅल्शियम फॉस्फरसाच्या बरोबरीस आणण्यास सुमारे २.७ ग्रॅम कॅल्शियम अधिक हवे. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के असते. म्हणून त्याची मात्रा सुमारे ६.७ ग्रॅम, अर्थात १०० ग्रॅम अळ्यांमागे पाऊण ग्रॅमहून किंचित कमी येते. दुपटीचे प्रमाण साधावयाचे असल्यास दर किलोग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम लागतील. ही मात्रा अळीबरोबर प्राण्याच्या पोटात पोहोचविण्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत अळीच्या अंगास भुकटी लावण्याची. अळ्या व बारीक भुकटी एका भांड्यात हलवून लगेच चारावयाची असते. परंतु पिवळ्या अळीचे कवच गुळगुळीत असल्याने भुकटी अल्पच चिकटते आणि अळी वळवळू लागताच गळून पडते. भुकटी लावलेल्या अळ्या अर्धा तास पिंजऱ्यात पडून राहिल्या, तर त्या पुन्हा मूळच्याच अपुऱ्या खाद्याच्या स्थितीस येतात.

दुसरी पद्धत अळीचे आतडे भरण्याची. चारण्यापूर्वी एक ते तीन दिवस अळ्यांना कॅल्शियमयुक्त चूर्णान्नावर ठेवले जाते. येथे अळीच्या शरीराचे घटक बदलत नाहीत. अळी ही केवळ कॅल्शियम वाहून नेणारी पिशवी बनते. आतड्यातील अन्न अळीच्या वजनाच्या ५ टक्के आहे असे उदाहरणादाखल मानल्यास, २.७ ग्रॅमची तूट ५० ग्रॅम अन्नातून भरून काढावयाची आहे. म्हणजे त्या अन्नात कॅल्शियम ५.४ टक्के तरी हवे. अशा खास खाद्यांत कॅल्शियमचे प्रमाण ८ टक्के वा त्याहून अधिक का ठेवतात, हे यावरून उमगते. कोंड्यात कॅल्शियम नाममात्र व फॉस्फरस विपुल असल्याने साध्या कोंड्याने आतडे भरून काहीच साधत नाही. चार भाग बारीक दळलेले कुक्कुटखाद्य व एक भाग कॅल्शियम कार्बोनेट, वजनाने घेतल्यास, मिश्रणात केवळ कार्बोनेटमुळेच ८ टक्के कॅल्शियम येते. अशा अन्नाने अळ्यांतील कॅल्शियम वाढते व त्या खाणाऱ्या कोंबडीच्या पिल्लांच्या अस्थींचे खनिजीभवन सुधारते, हे क्लासिंग व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये दाखविले. हे अन्न अळ्यांच्या कायम पालनास मात्र योग्य नव्हे. त्यावर त्या फार काळ निरोगी राहत नाहीत.

साठवण व पोषण यांतील विरोध येथे स्पष्ट होतो. थंड डब्यातून काढलेल्या अळीचे आतडे रिकामे असते आणि थंडीत ती खात नाही. म्हणून शीतकपाटातून काढून थेट पक्ष्यापुढे टाकलेली अळी ही कॅल्शियमच्या दृष्टीने सर्वांत निकृष्ट अळी होय. आधी ऊब, मग भरण, नंतर चारणे, हा क्रम मोडता कामा नये. भरणाच्या काळात पाण्यासाठी गाजराचा लहानसा कापच द्यावा. तो अधिक दिल्यास अळ्या चूर्णान्न सोडून तोच खातात.

कॅल्शियमबरोबर ड३ जीवनसत्त्वाचाही विचार हवा, कारण त्यावाचून कॅल्शियमचे शोषण होत नाही. दिवसा उन्हात वावरणाऱ्या प्राण्यांना योग्य अतिनील प्रकाश मिळाल्यास ते स्वतःच्या त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करतात. पिठातील अळीवर अतिनील-ब किरण सोडल्यास तिच्यातही ड३ ची निर्मिती होते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

चारण्याची रीत

पिल्लांच्या व लहान जातींच्या बाबतीत नुकती कात टाकलेली पांढरी, मऊ अळी पचनास हलकी असते. गिळलेली अळी प्राण्याचे पोट कुरतडून बाहेर पडते, हा समज मात्र निराधार आहे. चावल्याने, जठररसाने व प्राणवायूच्या अभावाने ती त्वरित मरते. न खाल्लेल्या अळ्या पिंजऱ्यात मोकळ्या राहू देणे हा खरा धोका होय, कारण निजलेल्या किंवा आजारी प्राण्याची त्वचा त्या कुरतडू शकतात. म्हणून गुळगुळीत वाटीतच त्या द्याव्यात व उरलेल्या उचलून घ्याव्यात.

रानपक्ष्यांना खाद्य घालण्याची प्रथा ब्रिटन व उत्तर अमेरिका येथे दृढ आहे. तेथे रॉबिन, ब्लूबर्ड इत्यादींसाठी या अळ्या ठेवल्या जातात. विणीच्या हंगामात त्या मोजक्याच द्याव्यात. अन्यथा आईबाप सहज मिळणाऱ्या अळ्यांवरच पिल्ले वाढवितात आणि गोगलगायी व नाना कीटक यांनी युक्त असा नैसर्गिक आहार मागे पडतो. वाळविलेल्या अळ्या भिजवून ठेवाव्यात, कारण घरट्यातील पिल्लांस पाणी अन्नातूनच मिळते. भारतात देशी रानपक्षी पकडून पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. त्यामुळे येथे या ज्ञानाचा उपयोग मुख्यतः प्राणिसंग्रहालये, जखमी पक्ष्यांची अधिकृत उपचारकेंद्रे आणि पाळण्यास अनुमत असलेले परदेशी प्राणी यांपुरता आहे.

पालकाच्या आरोग्याचे दोन प्रश्नही दुर्लक्षिता येत नाहीत. अळ्यांची विष्ठा व काती यांची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास अधिहर्षता उद्भवू शकते. झिंगा किंवा घरधुळीतील कोळी यांची अधिहर्षता असणाऱ्यांनी विशेष जपावे आणि कोंडा चाळताना नाकतोंड झाकावे. दुसरे असे की, हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या उंदरातील पट्टकृमीचा मध्यस्थ आश्रयदाता हाच भुंगेरा आहे. प्रयोगशाळांत या कृमीचे जीवनचक्र याच कीटकाच्या साहाय्याने चालविले जाते. पात्रात उंदरांच्या लेंड्या पडू न देणे व अळ्या हाताळल्यावर हात धुणे हे दोन्ही नियम येथून निघतात. शेवटी, हा कीटक साठविलेल्या धान्याचा उपद्रवी असल्याने नकोसा साठा बागेत वा उकिरड्यावर न सोडता गोठवून नष्ट करावा.

समारोप

पिठातील अळी हे वाईट खाद्य नव्हे; ते अपुरे खाद्य आहे, आणि त्यातील उणीव नेमकी मोजता येते. तिला जिवंत ठेवणे सोपे आहे, आणि ह्या सोपेपणामुळेच पालकाची दृष्टी डब्यापाशी थांबते. वस्तुतः साठवणीने अळीचे आयुष्य वाढते, तिचे पोषणमूल्य नव्हे. ते चारण्यापूर्वीच्या एक-दोन दिवसांत तिच्या आतड्यात काय घातले गेले यावर, आणि तिच्या जोडीला इतर कोणते कीटक दिले गेले यावर ठरते. वाढत्या पिल्लाचा सांगाडा एकदाच घडतो. म्हणून या खाद्याचा हिशेब डब्यात किती अळ्या जिवंत राहिल्या यावरून न मांडता, त्या खाणाऱ्या प्राण्याच्या अस्थींवरून मांडणे हेच शास्त्रशुद्ध ठरेल.